बर्गरची कॅसेट

वासंतीबाई अमेरिकेला पत्र पाठवत नसत, कॅसेट पाठवत. पत्र त्यांच्या मुलाने, विश्वेश्वरने वाचलं असतं. पण अकरा वर्षांच्या नातवाला, अद्वैतला, मराठी वाचता येत नव्हतं. निदान आजीचा आवाज तरी त्याच्या कानावर पडावा, म्हणून महिन्याला एक कॅसेट. मल्लेश्वरमच्या घरात, दुपारी पंखा बंद करून त्या टेपरेकॉर्डरसमोर एकट्याच बसायच्या. पंखा चालू ठेवला, तर त्याची घरघर अमेरिकेपर्यंत जायची. "चिरंजीव अद्वैत यास अनेक आशीर्वाद" इथून सुरुवात, मग हवापाणी, गुडघे, कोण वारलं, कुणाचं जमलं, आणि शेवटी रामरक्षा. अशा सहा कॅसेटी गेल्या. उत्तर एकाचंही आलं नाही.

विश्वेश्वरचा फोन दर दुसऱ्या रविवारी यायचा. विचारलं की म्हणायचा, "ऐकतो गं तो." एकदा मात्र घाईत खरं बोलून गेला, की त्या मुलाला बर्गर सोडून जगात दुसऱ्या कशात रस नाही.

वासंतीबाईंनी हे मनावर घेतलं.

ते शहाण्णव साल होतं. बंगलोरात तेव्हा बर्गरची चकचकीत दुकानं नव्यानेच निघाली होती आणि एकाच नावाची दुकानं तीन-तीन रस्त्यांवर दिसू लागली होती. वासंतीबाईंनी उभ्या जन्मात बर्गर खाल्ला नव्हता. पण एका आठवड्यात त्यांनी बसने जाऊन तीन दुकानं पालथी घातली: 'जम्बो बन', 'ट्विन टोस्ट' आणि ब्रिगेड रोडवरचं 'कॅप्टन बर्गर'. आजूबाजूला कॉलेजची मुलं, मध्ये नऊवारीतल्या त्या. घरी आल्या की चव जिभेवर आहे तोवर पंखा बंद करून बोलून टाकायच्या.

या खेपेला त्यांनी इंग्रजीत बोलायचं ठरवलं. मुलींच्या हायस्कुलात शिकलेलं, पन्नास वर्षं डब्यात ठेवलेलं इंग्रजी, पण तोंड उघडलं तशी गाडी धावू लागली. अडेल तिथे कानडी नाहीतर मराठी. आशीर्वाद गाळले, गुडघे गाळले. नातू तिथेच टेप पुढे पळवत असणार, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यामुळे संबंध कॅसेटीत त्यांचं किंवा अद्वैतचं नाव कुठेच आलं नाही.

त्या म्हणाल्या होत्या, की जम्बो बनचा पाव म्हणजे आंघोळ न करता पावडर लावून आलेला नवरदेव, तीळ काय ते वरूनच. ट्विन टोस्टमधलं कोबीचं पान कुणा दुसऱ्याच्या लग्नाला चुकून आल्यासारखं एका कडेला अंग चोरून बसलेलं. आतली बटाट्याची टिक्की म्हणजे आपला बटाटेवडाच, पण परदेशी जाऊन आलेला, त्यामुळे आता ओळख दाखवत नाही. आणि कॅप्टन बर्गरमध्ये टिक्की गार. शिवाय ती वस्तू खायला दाताच्या डॉक्टरपुढे वासतात तेवढा आ वासावा लागतो. "मी ताटली-चमचा मागितला. नाही म्हणाले. मग मी पिशवीतून माझा काढला. तेव्हा सगळं दुकान माझ्याकडे बघायला लागलं, जणू मी तलवार उपसली."

आता कॅसेट पाठवायची कशी? त्या काळी अमेरिकेला निघालेला माणूस म्हणजे साऱ्या पेठेचं टपाल असायचा. चार घरं पलीकडच्या मोहनकुमारांची रूपश्री न्यूजर्सीला निघाली होती. तिच्या बॅगेत गल्लीभरच्या चटण्या, मेतकूट, लोणची आणि पाच कॅसेटी जमा झाल्या. मोहनकुमार बँकेतला माणूस, स्वभावाने काळजीखोर. लेकीच्या बॅगेतून कुणाचं काय जातंय ते बघायला हवं, म्हणून त्यांनी पाची कॅसेटी आधी लावून ऐकल्या. वासंतीबाईंची तर दोनदा ऐकली.

तीन आठवड्यांनी विश्वेश्वरचा फोन आला. कॅसेट मिळाली होती. छान होती. अद्वैतलाही फार आवडली.

"काय आवडलं त्याला?" वासंतीबाईंनी विचारलं.

"सगळंच गं, आई."

त्या दिवशी वासंतीबाईंनी एकटीसाठी शिरा केला. दुसऱ्याच दिवशी पुढच्या कॅसेटीची तयारी म्हणून त्या परत कॅप्टन बर्गरमध्ये गेल्या आणि काउंटरवर म्हणाल्या, "स्वल्प गरम करून द्या बरं का."

आवाज ऐकून काउंटरमागचा मॅनेजर ताठ झाला. बाहेर आला, त्यांच्यासाठी खुर्ची पुसली आणि स्वतः ताटली-चमचा आणून ठेवला. मग खालच्या आवाजात कानडीत म्हणाला, "अक्का, त्या दिवशी टिक्की गार होती, चुकलंच आमचं. आता दर वेळी गरम असते. एकदा परत सांगाल का तसं, कॅसेटीत?"

"कुठली कॅसेट?" वासंतीबाईंनी विचारलं. टिक्की गार असल्याचं त्यांनी फक्त सातासमुद्रापलीकडच्या एका मुलाला सांगितलं होतं. मॅनेजरने समजावलं, की पंधरा दिवस झाले, माणसं येतात, चमचा मागतात, अक्का कुठे बसल्या होत्या ते विचारतात आणि टिक्की गार आहे का ते बोट लावून बघून हसतात. कॅसेट त्याच्या बायकोने देवनहळ्ळीच्या बहिणीकडून आणली होती.

बर्गर तसाच टाकून वासंतीबाई थेट मोहनकुमारांच्या दारात. मोहनकुमारांनी आधी कॉफी पुढे केली, मग मान खाली घातली.

"अक्का, स्वल्प चूक झाली. होसकोटेच्या मेव्हण्याला ऐकवावी म्हणून एक कॉपी काढली. त्याने पाच काढल्या. दोन तर अमेरिकेला त्याच्या लेकाकडे गेल्या. पुढचं माझ्या हातात राहिलं नाही."

"असू दे. विश्वेश्वरला पोचली ना माझी."

मोहनकुमारांनी उठून कपाटातून एक कॅसेट काढली. वासंतीबाईंचीच, त्यांच्याच अक्षरातली. निघायच्या गडबडीत ती मशिनमध्येच राहिली होती. तिच्या डबीत घालून गेली ती रूपश्रीची शॉर्टहँडच्या सरावाची कॅसेट. मिनिटाला ऐंशी शब्दांचं डिक्टेशन.

"त्यात काय आहे?"

"डिअर सर, आपल्या चार तारखेच्या पत्रास अनुसरून," मोहनकुमार म्हणाले. "असं एक तास."

वासंतीबाईंनी कॉफी संपवली, पेला विसळून पालथा घातला आणि त्या घरी आल्या. छान होती म्हणाला. अद्वैतलाही फार आवडली म्हणाला. म्हणजे ती डबी त्या घरात कुणी उघडलीच नव्हती. आणि ही नाही तर आधीच्या सहा तरी कशावरून उघडल्या असतील? गुडघे, रामरक्षा, सगळं त्या पंखा बंद करून भिंतीलाच सांगत होत्या. त्या दुपारी त्यांनी पंखा पाचावर लावला आणि त्याखाली नुसत्या पडून राहिल्या. टेपरेकॉर्डरवर रुमाल टाकला.

नेहमीच्या रविवारी फोन वाजला. उचलू नये असं वाटलं, पण उचलला. विश्वेश्वर म्हणाला, अद्वैतला तुझ्याशी बोलायचंय, आणि वासंतीबाईंनी खुर्ची ओढून घेतली. तो आपणहून फोनवर आल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"आजी, तुमच्या बँगलोरमध्ये एक आजी आहे. बर्गरवाली. यू नो हर?"

देवळातल्या रविवारच्या वर्गात एका मित्राने त्याला कॅसेट दिली होती. तो वॉकमन कानाला लावून ती शाळेच्या बसमध्ये ऐकायचा, जेवताना ऐकायचा. बाबाला अजून दिलीच नव्हती. मग त्याने आपल्या मोडक्या मराठीत सगळं सांगायला घेतलं. पावडर लावलेला नवरदेव सांगितला, लग्नाला आलेला कोबी सांगितला, ओळख न दाखवणारा बटाटेवडा सांगितला आणि तो का विनोदी आहे तेही समजावून दिलं. तलवारीपाशी तर हसून हसून त्याला बोलवेना. वासंतीबाई जिथल्या तिथे हसल्या. एकदा तो एक वाक्य विसरला, तेव्हा ते जिभेवर आलेलं त्यांनी गिळलं. अकरा मिनिटं झाली. मागून विश्वेश्वर बिल किती येईल ते ओरडत होता.

"आजी, तू तिला सांगशील? अजून एक कॅसेट कर म्हणून. माझ्यासाठी."

अरे, ती मीच, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण घरच्या आजीच्या कॅसेटींचं काय होतं, ते त्यांना आता ठाऊक होतं.

"सांगते हं," त्या म्हणाल्या. "करेल ती. तिला दुपारी वेळच वेळ असतो."