परसातल्या आडाचं पाणी आणि पावट्याचं मटण

माझं अजूनही म्हणणं हेच आहे की त्या जुम्याला मी हरलो नाही. गल्लीत कुणी काही सांगो.

आमचे सासरे आण्णासाहेब कोर्टातल्या पेशीसाठी बेंबळीहून धाराशिवला आले होते आणि आमच्याकडंच उतरले होते. गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघं जेवायला बसलो. ताटात पावट्याची आमटी होती. मी निजामी अमलातल्या तहसील कचेरीत नक्कलनवीस. दिवसभर दुसऱ्यानं लिहिलेलं उर्दू जसंच्या तसं उतरवायचं, त्यात स्वतःचं मत म्हणून घुसडायची सोय नाही. त्यामुळं घरी आलं की मला मतं फार सुचतात. मी म्हणालो, शेजारी खाजाभाईंची बायको हमिदाबी हेच पावटे मटणात घालून करते, त्याला चव म्हणतात.

आमची बायको कमलबाई रागावली नाही. (रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.) तिनं पळी माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाली, "उद्या जुम्याची सुट्टी हाय. तुमीच करा. जमलं तर मी पुन्हा बोलणार न्हाय. न्हाय जमलं तर आण्णांच्या गाडीत बसून बेंबळीला चालले, आखाजीपस्तोर."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन आठवड्यांवर होती. लग्नाला बारा वर्षं झाली, पण ती दोन दिवसांच्या वर माहेरी कधी राहिली नव्हती, कारण मागं माझ्या पोटाचं कोण बघणार. तीन आठवडे ती नाही, या विचारानंच माझा घास हातात राहिला. पण सासऱ्यासमोर घास अडून चालत नाही. मी मिशीवरून हात फिरवून म्हणालो, "करतो. त्यात काय एवढं?"

आता आमच्याकडं पाण्याच्या जागा दोन. एक आड परसातच, दहा पावलांवर. दुसरी विहीर वेशीबाहेर, लई लांब. कमलबाई रोज सकाळी घागर घेऊन त्या लांबच्या विहिरीला जायची. बायकांना गप्पा मारायला लांबची जागा लागते अशी माझी समजूत होती. बारा वर्षं होती.

तर रात्री मी पावटे परसातल्या आडाच्या पाण्यात भिजवले. सकाळी मुलाण्याकडून दोन शेर मटण आणलं आणि तीन पाण्यांनी स्वच्छ धुतलं. त्यात कमलबाईची घागर संपली. मग कालवणालाही आडाचंच पाणी ओतलं. कमलबाई ओट्यावर आण्णासाहेबांशी बोलत बसली होती, तिथून तिनं मान वळवली.

"ह्या पाण्यात शिजवणार?"

"पाणी ते पाणी," मी म्हणालो.

ती परत आण्णासाहेबांकडं वळली.

मसाला मात्र मी असा केला की ज्याचं नाव ते. कांदा-खोबरं काळं होईपर्यंत भाजलं (थोडं ठरवून, थोडं विसरून), लसूण वाटला, वर भाजलेल्या धान्य-मसाल्याचा मूठभर येसूर घातला. वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार, कारण खाजाभाई हातातलं काम टाकून आले. तासाभरात मटण शिजलं. पावटे नाही शिजले. दुसरा तास गेला. मटण हाडावरून सुटलं, रश्शात विरघळलं, दिसेनासं झालं. पावटे होते तसेच.

खाजाभाई घरी जाऊन हमिदाबीला विचारून आले. ते हळूच म्हणाले, "बलभीमभाऊ, त्या आडाचं पाणी जड हाय. त्यात डाळ-पावटे कयामतपर्यंत शिजायचे न्हाईत. हे सगळ्यांना ठावं हाय."

सगळ्यांना म्हणजे बायकांना. माझ्याकडं घागर होती, वेशीबाहेर गोडं पाणी होतं. पण भर दिवसा घागर खांद्यावर घेऊन गल्लीतून जाणं म्हणजे हार लिहून देणं. मी म्हणालो, "शिजतील. न शिजून जातात कुठं?" आणि महिन्याच्या सरपणातलं निम्मं चुलीत घातलं.

दुपारी ताटं वाढली. जावयानं स्वतःच्या हातानं केलेल्या जेवणाला सासरा नाव ठेवत नसतो, हा एवढाच आधार मला उरला होता. आण्णासाहेबांनी एक पावटा तोंडात घातला. तो डाव्या गालात गेला, उजव्या गालात गेला, परत डाव्यात आला. शेवटी त्यांनी तो वैद्याच्या गोळीसारखा पाण्याबरोबर गिळला. सगळं कालवण त्यांनी असंच संपवलं, तीन तांबे पाणी प्याले. माझ्या दाताखाली कट्ट वाजलं तेव्हा मी बाहेर काहीतरी पडल्यासारखं दाराकडं बघितलं.

मग मी छातीठोकपणे विचारलं, "आण्णा, सगळ्यांसमोर सांगा. जमलं का न्हाय?"

त्यांनी मुलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मसाला झकास, जावईबापू. जमलं."

मी जिंकलो होतो. बायको राहणार होती. कमलबाईनंही एक पावटा बराच वेळ चावला. "आण्णा म्हणतात तर जमलंच," म्हणाली आणि आत गेली. बाहेर आली ती गाठोडं घेऊन.

"हे काय? जमलं ना?"

"जमलं म्हणूनच तर चालले," ती म्हणाली. "मी गेल्यावर तुमी काय खाल, या घोरानं बारा वर्षं अडकून पडले. आता तुमाला येतंय. मला घोर न्हाय."

तिचा चेहरा असा खुलला होता की बघत राहावं. पण मी फसलो होतो. पावटे कच्चे होते म्हणावं, तर पैज हरलो आणि ती जाणार. शिजले म्हणावं, तर ती निघालीच होती. 'राहा' एवढंच म्हणायचं उरलं होतं. ते मला फार म्हणावंसं वाटत होतं. पण दारात खाजाभाई उभे होते.

"जा खुशाल," मी म्हणालो. "माझं काय अडतंय?"

गाडी वळणाआड जाईपर्यंत मी मान ताठ ठेवली. दिवस मावळताना पातेलं पुढं ओढून बसलो, तेवढ्यात खाजाभाई झाकलेलं ताट घेऊन आले. मी ठणकावून सांगितलं की मला कुणाच्या ताटाची गरज नाही, माझं स्वतःच्या हातचं मटण आहे.

खाजाभाई अवघडून म्हणाले, "भाऊ, घ्या. आखाजीपर्यंत दोन्ही येळचं ताट पाठवायचं, असं कमलवहिनींनी हमिदाबीला सांगून ठेवलंय."

"कधी सांगितलं?"

"काल. तुमी पावटे भिजवत होता तवा."

मी त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं. ताट आधी आत घेतलं होतं.