जाधव मिसची बंद खोली

पोरांना घाबरवायचा पगार घेणारी बाई मी एकच पाहिली. आमच्या वरळीच्या शाळेतल्या जाधव मिस. नववीला इंग्रजी शिकवतात. त्यांच्या वर्गाची आणि माझ्या प्रयोगशाळेची भिंत एकच. नववीला एक जुनी इंग्रजी भयकादंबरी आहे. ओसाड माळावर दगडी घर, वरच्या मजल्यावर कुलूपबंद खोली, आणि त्या खोलीतून कुणीतरी दार ठोठावतं. तो प्रसंग आला की मिस खिडक्या लावून घ्यायच्या, आवाज खर्जात न्यायच्या आणि वर्गातलं लोखंडी कपाट धाडकन बडवायच्या. त्यांची पोरं ढिम्म. इकडे माझ्या पोरांच्या हातून टेस्टट्यूब फुटायच्या.

"घाबरा रे, जरा तरी घाबरा!" मिस अगदी कळवळून म्हणायच्या.

पण बीडीडी चाळीतली पोरं ती. एका खोलीत सहा माणसं आणि दिवसभर दार सताड उघडं. "मिस, खोली रिकामीये तर भाड्याने का नाय देत?" "मिस, एवढ्या खोल्यांचा केर कोण काढतं?" मिस स्टाफरूममध्ये येऊन कपाळावर हात मारायच्या. "परब सर, यांना भूत चालतं हो, रिकामी खोली चालत नाही!"

खरं तर मिसही तिथल्याच. लग्न केलं नाही, आईबरोबर त्याच चाळीत राहिल्या. मिस शाळेत आल्या की आईकडे समोरच्या मंगलाताई बघायच्या. बघायच्या म्हणजे काय, आपल्या घरात भाजी निवडता निवडता नुसती मान वर करायची.

मग पुनर्विकासात चाळ पाडली आणि टॉवरमध्ये घरं मिळाली. लॉटरीत मंगलाताईंचं घर पुन्हा समोरच आलं, तेव्हा मिसनी आम्हाला पेढे वाटले.

टॉवरमध्ये दारं बंद असतात, आणि नवीन घरं म्हणून घरोघरी फर्निचरचं काम चालू. एका दुपारी मिसच्या आई दाराशी पडल्या. उठता येईना, म्हणून आतून दार ठोकत राहिल्या. मंगलाताईंनी ते ऐकलं. त्यांना वाटलं, सुतार आलाय. संध्याकाळी मिस घरी पोचल्या तेव्हा आई गेलेली होती. मंगलाताईंनी स्वतःच रडत रडत हे सगळं सांगितलं आणि मग जे दार लावून घेतलं, ते मिससमोर पुन्हा आल्याच नाहीत.

मिस कामावर रुजू झाल्यावर मी म्हटलं, "यंदा तेवढं प्रकरण सोडा."

"का सोडू? निम्मा वर्ग टॉवरमध्ये राहायला गेलाय, सर. बंद दार म्हणजे काय, ते त्यांना कुणीतरी सांगायला नको?"

त्यांनी शिकवलं. कपाट बडवलं नाही, आवाजही रोजचाच. मी हातातलं काम सोडून भिंतीशी उभा होतो. पलीकडे चिडीचूप. पोरं पहिल्यांदाच घाबरली होती आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच. मिस दारातच खुर्ची टाकून पेपर तपासत बसल्या होत्या. सोसायटीच्या सेक्रेटरीने दोनदा टोकलंय म्हणे.

"लोकांना वाटतं, मला बंद दाराची भीती बसलीय. तसं काही नाही. मंगलाताईंनी कधी दार किलकिलं केलं, तर मी समोर दिसायला हवी. माझंही दार बंद दिसलं तर त्यांना वाटेल, मी रागावलेय."

"राग नाही येत?"

"येतो की! पण आईनंतर मला 'सुनी' म्हणून हाक मारणारं दुसरं आहे कोण?"

मग आत जाऊन त्यांनी चहा टाकला. मला एक कप दिला, दोन कप घेऊन समोर गेल्या आणि कोपराने हलकेच दार ठोठावलं.

"मंगलाताई, चहा आणलाय. मी कायपण बोलणार नाय. नुसतं बसू."

आत टीव्ही चालू होता. तो बंद झाला. दार मात्र उघडलं नाही.