मृत्युपत्राचा सातवा मसुदा

गुरुवारी गुडघ्याचं ऑपरेशन आणि त्याआधी मंगळवारी मृत्युपत्राची नोंदणी, असं रजनीबाई टेंभुर्णीकरांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं. अडतीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईंना कामं क्रमाने झालेली आवडत. शिवाय हे काम सोपं होतं. लग्न केलेलं नाही, मूलबाळ नाही, बहीण-भाऊ आधीच गेलेले. जुन्या जालन्यातलं स्वतः बांधलेलं चार खोल्यांचं घर भाचीला, गंधालीला, द्यायचं. गंधाली एका शाळेत शिकवायची, भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची आणि दर रविवारी येऊन मावशीच्या गोळ्यांचा डबा भरून जायची. मृत्युपत्र न करता बाई गेल्या असत्या, तर घराचे दोन हिस्से झाले असते. एक गंधालीचा, दुसरा भावाच्या मुलाचा, ऋषीचा. ऋषीचं मंठ्यात बी-बियाण्यांचं दुकान होतं, दुमजली घर होतं आणि आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा होता. तो दुखावला तर काय होईल याचा विचार करून बाईंनी ठरवलं, की त्याला यातलं काहीच कळू द्यायचं नाही.

वकील केदार गाढे त्यांचाच विद्यार्थी. अजूनही त्यांच्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसायचा.

“मॅडम, तुमच्या डॉक्टरीणबाई एक साक्षीदार झाल्या. तुमचं डोकं ठिकाणावर हाय हे बी त्याच लिहून देतील. अजून एक पाहिजे. फक्त ज्याला मृत्युपत्रातून काही मिळून राह्यलंय, असा नको.”

“का?”

“उद्या कोर्टात वाद झाला तर साक्षीदारालाच उभं करतात. ज्याचा फायदा झाला त्याच्या बोलण्याला काय वजन?”

“मग तुझ्या ऑफिसमधला कोणी दे.”

“म्हणजे वकिलानंच सगळं जमवलं म्हणायला लोक मोकळे. शेजारचं कोणी बघा की. एका सहीचा तर प्रश्न हाय.”

त्या एका सहीसाठी बाई शेजारच्या कांताबाईंकडे गेल्या.

“करते की. सहीला काय लागतंय?” म्हणत कांताबाईंनी चहा टाकला. चहा उतू जायच्या बेताला आला तेव्हा गॅस बारीक करत त्यांनी विचारलं, “मंग, माझ्यासाठी काय लिवलं?”

“तुमच्यासाठी? काही नाही. म्हणजे, ते फक्त घराचं आहे.”

“ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. मी आपलं सहज इचारलं. वीस वर्सं तुमचं दळण आणून राह्यले, ते काय कशाच्या आशेनं थोडंच आणलं?”

कांताबाईंनी चहा गाळला आणि बशीत काढलेली बिस्किटं परत डब्यात ठेवली. ते बघून रजनीबाईंच्या तोंडून निघून गेलं, “शिलाई मशीन तुम्हालाच द्यायचं आहे.”

केदारने हे ऐकून डोळे मिटले. “तोंडी बोललात ना? मंग झालं की. लिहायचं कशाला?”

“बोलले आणि लिहिलं नाही, म्हणजे खोटं बोलले.”

“मॅडम, हे प्रयोगवही न्हाई...”

“लिही.”

केदारने दुसरा मसुदा केला. कांताबाईंना मशीन मिळालं आणि त्यांची साक्ष गेली.

मग बाईंना कडूबा आठवला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखाली तो पंचवीस वर्षं होता. तो बोलावल्याबरोबर आला आणि हात जोडून म्हणाला, “मला काई नको मॅडम. तुमच्यासाठी यवढी सही म्हंजे काय?”

हे ऐकून बाईंना इतकं हलकं वाटलं, की गुडघासुद्धा दुखेना. पण दारापर्यंत गेलेला कडूबा उंबऱ्यात थांबला. “फक्त यवढंच वाटतं, तुम्ही गेल्यावर मला ‘कडूबा, तराजू आण’ असं कोन म्हनंल?”

कॉलेजच्या लिलावात घेतलेला पितळी तराजू तिसऱ्या मसुद्यात कडूबाच्या नावावर चढला. कडूबा रडला आणि बाद झाला.

समोर खानावळ चालवणाऱ्या बेबीनंदाने हे सगळं कांताबाईंकडून ऐकलं, आणि रात्रीच्या डब्यांबरोबर ते गल्लीभर पोचलं. पोचताना त्याचा अर्थ जरा बदलला. टेंभुर्णीकरबाईंच्या कागदावर सही केली की एक वस्तू मिळते, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी बेबीनंदा स्वतःच आली.

“म्या करते सही. मला कायबी नको बाई. फक्त तो कुलर, तो बी उन्हाळ्यापुरता.”

“बेबीनंदा, ज्याला काही हवं आहे त्याची सही चालत नाही.”

“मंग मी सही करीत न्हाई. कुलर तेवढा लिवा.”

त्यात ती काही चुकीचं बोलली, हे बाईंना सिद्ध करता येईना. चौथा मसुदा झाला. पाचव्यात गल्लीतल्या, अजून पाट्यावर वाटण वाटणाऱ्या सगुणाबाईंना मिक्सर गेला, कारण त्या नुसत्याच येऊन मिक्सरकडे बघत बसल्या होत्या.

“मॅडम,” केदार सोमवारी संध्याकाळी म्हणाला, “हे मृत्युपत्र हाय का आहेराची यादी? टाइप करणाऱ्यानं मला इचारलं, लग्न कुठं हाय म्हणून.”

“केदार, आवाज.”

“सॉरी मॅडम.”

शेवटी निवृत्त पोस्टमास्तर गिरिधरराव सापडले. मुलगा परदेशात, घरात सगळं दोन-दोन. त्यांना कशाचीच गरज नव्हती. सहावा मसुदा त्यांच्या साक्षीने नक्की झाला.

मंगळवारी गंधालीच्या शाळेत परीक्षा होती. ऑपरेशनसाठी न्यायला ऋषी मंठ्याहून गाडी घेऊन दोन दिवस आधीच आला होता. त्यामुळे बाईंना नोंदणी कार्यालयात त्याच्याच गाडीतून जावं लागलं. “पेन्शनचं काम आहे,” त्यांनी सांगितलं, आणि हे खोटं बोलल्याबद्दल रस्ताभर खिडकीबाहेर पाहिलं. त्यांना उतरवून ऋषी गाडीत डिझेल भरायला गेला. डॉक्टरीणबाई आधीच सही करायला येऊन बसल्या होत्या. गिरिधरराव पायरीवरच भेटले.

“चला मॅडम, उरकून टाकू,” ते प्रसन्नपणे म्हणाले. “आणि तो रेडिओ आहे ना तुमच्याकडचा? तो भंगारात नका घालू हं. आठवण म्हणून असू द्या माझ्याकडं.”

बाईंनी मान हलवली. ती मान हलली म्हणजे सातवा मसुदा, हे केदारला आता पाठ झालं होतं. त्याने कपाळावर हात मारला. बाहेरच्या टपरीवर टाइप करून आणायला पाऊण तास गेला, आणि तो कागद घेऊन परत आला तेव्हा आत नंबर पुकारायची वेळ झाली होती.

“मॅडम, आता एकच सांगा. अख्ख्या जालन्यात असा कोण हाय, ज्याला तुम्ही कायबी दिलं न्हाई?”

बाईंनी मनातल्या मनात सातवा मसुदा वरपासून खालपर्यंत वाचला. मग हळूच म्हणाल्या, “आहे एक.”

“कुठं हाय?”

“तो बघ, गाडी लावतो आहे.”

ऋषी किल्ली फिरवत आला. केदारने पेन पुढे केलं, बोटाने जागा दाखवली. आधी बाईंनी, मग डॉक्टरीणबाईंनी आणि शेवटी ऋषीने सही केली. आधारकार्डही काढून दिलं. एक ओळ वाचली नाही.

“वाचलं नाहीस?” बाईंना राहवलं नाही.

“वाचायचं काय आत्या? सकाळी बेबीनंदाकडं नाश्ता करायला गेल्तो. तिनं सगळं सांगितलं. कुलर तिला हाय.”

“आणि... घर?”

“घर गंधालीताईला. लई बरं झालं.”

बाईंनी श्वास सोडला. मग तोच परत आत घेतला. “बरं झालं म्हणजे?”

“न्हाई, म्हणजे खरं सांगू का? मला टेन्शनच आल्तं, का तुम्ही ते माझ्या गळ्यात बांधता का काय. गाडी दारापर्यंत येत न्हाई, नळ आठ-धा दिवसाला, मागच्या खोलीला ओल. इकायला गेलं तर घेणार कोण?”

“कुठे आहे ओल?”

“आत्या, सगळी भिंत फुगलीय.”

“ती फुगलेली नाही! तो प्लॅस्टरचा पोत आहे. मी स्वतः उभं राहून करून घेतलाय!”

“तुम्ही म्हणता तर पोत. पण मला नको.”

“तुला देतंय कोण?”

“तेच म्हणलं ना, लई बरं झालं.”

“मॅडम, नंबर आला,” केदार कळवळून म्हणाला आणि दंडाला धरून त्यांना आत घेऊन गेला. टेबलामागच्या अधिकाऱ्याने कागद चाळले, फोटो काढला, अंगठा घेतला आणि रोज पन्नास वेळा विचारत असेल अशा आवाजात विचारलं, “बाई, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली नाही ना? स्वखुशीनं करून राह्यलात ना?”

“दोन मिनिटांपूर्वीपर्यंत,” रजनीबाई म्हणाल्या, “स्वखुशीनंच करत होते.”