सोकोरोबाईंची मित्रमंडळी

सोकोरोबाईंच्या घराला आग कधीच लागली नाही, पण आगीचा बंब मात्र मी त्यांच्या दारात तीनदा पाहिला. पहिल्यांदा त्या वाळक्या मिरच्या तव्यावर भाजत होत्या. ठसका गल्लीच्या टोकापर्यंत गेला, समोरच्या मिसेस हॅरिसनी नाकाला रुमाल लावून फोन फिरवला आणि बंब भोंगा वाजवत हजर. धिप्पाड गडी धावत आत शिरले ते बराच वेळ बाहेरच येईनात. मी घाबरून बघायला गेले, तर सगळे मांडीवर हेल्मेटं ठेवून स्वयंपाकघरात घेवड्याची उसळ खात बसलेले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि सोकोरोबाई आग्रह करकरून वाढतायत. दुसऱ्यांदाही मिरच्याच. तिसऱ्यांदा कुणी फोन केलाच नव्हता. ते आपण होऊन आले होते, बरोबर जेवणाच्या वेळेला.

ब्रिस्टलमधल्या त्या चढाच्या गल्लीत आम्ही राहायला आलो तेव्हा ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. आमच्या ह्यांची नोकरी विमानांच्या कारखान्यात. शेजारच्या सोकोरोबाईंचे दिवंगत यजमान आर्थरही तिथलेच. कामासाठी मेक्सिकोत गेले आणि येताना बायको घेऊन आले. सोकोरो या नावाचा अर्थ स्पॅनिशमध्ये ‘वाचवा!’ असा होतो. लग्नानंतर तिकडच्याच भर बाजारात आर्थरसाहेबांनी बायकोला एकदाच मोठ्याने हाक मारली, तर चारी बाजूंनी माणसं धावून आली. तेव्हापासून ते बाहेर फक्त खाकरायचे.

बाईंचा आवडता शब्द ‘पोब्रेसितो’, म्हणजे ‘बिच्चारा’. इंग्लंडमधला प्रत्येक प्राणी त्यांच्या मते उपाशी होता. पोस्टमन कीथ पोब्रेसितो, गॅसचं मीटर बघणारा पोब्रेसितो, टीव्हीवर भाषण करणारे मंत्रीसुद्धा पोब्रेसितो. “बघ कसा चेहरा झालाय! घरी कुणी सूप देत नसणार.”

आमची ओळख माझ्या मिक्सरमुळे झाली. त्यांना घरच्यासारख्या मक्याच्या पोळ्या करायच्या होत्या. त्यासाठी अख्खा मका चुन्याच्या पाण्यात उकळून, भिजवून वाटावा लागतो. ब्रिस्टलमध्ये तेव्हा असलं काही मिळत नव्हतं. पण बाईंनी मार्ग काढला. मका आणला पाळीव प्राण्यांच्या दुकानातून, कबुतरांना घालायचा. आणि चुना ईस्टनमधल्या कांतीभाईंच्या दुकानातून, पानाला लावायचा. त्यामुळे पहिल्या दुकानदाराची खात्री होती की या बाईंकडे शेकडो कबुतरं आहेत. कांतीभाई मला एकदा काळजीने म्हणाले, “बेन, तुमच्या शेजारणीला सांगा, इतकं पान बरं नाही. दात जातील.”

वाटायला मात्र काही सापडेना. माझ्या आईने पुण्याहून पाठवलेला मिक्सर भिंतीपलीकडून घरघरला की सोकोरोबाईंचे कान टवकारायचे. एक दिवस भिजवलेल्या मक्याचं पातेलं घेऊन दारात उभ्या राहिल्या. “मिहा,” म्हणजे पोरी, “तुझी मशीन गाते. माझ्यासाठी पण गाईल?” त्यानंतर मिक्सर निम्मा आठवडा त्यांच्याकडेच नांदायला लागला. बदल्यात आम्हाला गरम पोळ्या आणि लाल चटणी. माझा ब्रिस्टलमध्ये वाढलेला मुलगा म्हणायचा, “आई, सोकोरो आजीचा चटणी आपल्यापेक्षा स्पायसी आहे.” व्याकरण चुकलं होतं, मत बरोबर होतं.

त्यांचा सगळा जीव मुलीत आणि नातीत. मुलगी तेरेसा कॉम्प्युटरवर काम करायची. तिचा घटस्फोट झाला आणि ती छोट्या एमिलीला घेऊन आईकडे राहायला आली. एमिलीला शाळेत सोडणं, आणणं, न्हाऊ घालणं, सगळं आजीकडे. शाळा सुटायच्या कितीतरी आधी आजी फाटकाशी उभी. जूनमध्येसुद्धा हातात नातीचा स्वेटर. “अहो, ऊन आहे,” मी म्हणायची. “हे ऊन नाही मिहा. हा उन्हाचा फोटो आहे.”

नव्वद साल उलटलं आणि तेरेसाला मिल्टन कीन्समध्ये चांगली नोकरी चालून आली. तिथे इयन नावाचा एक भला माणूसही होता, तिच्याशी लग्न करायला तयार. सोकोरोबाईंना तिकडे नेणं शक्य नव्हतं. आर्थर इथल्या चर्चमागे पुरलेले. दर रविवारी त्यांना भेटल्याशिवाय बाईंना चालत नसे. तेरेसाने नोकरीला नकार कळवायचं ठरवलं. “ममा एकटी कशी राहील?”

दुसऱ्या दिवशी सोकोरोबाई माझ्या स्वयंपाकघरात आल्या. खुर्चीवर बसल्याच नाहीत.

“तू खोटं बोलतेस?” त्यांनी विचारलं.

“गरज पडली तर.”

“पडली आहे. तेरेसाला सांगायचं, ममा घरी नसतेच. डान्स क्लासला जाते. पत्त्यांच्या क्लबात जाते. खूप मित्र आहेत.”

मी काही बोलायच्या आत त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट. “मी मेक्सिकोतून निघाले ना, तेव्हा बस स्टँडवर माझ्या आईने माझा हात असा धरला होता. सोडेचना. आर्थरने तिची बोटं एकेक करून सुटी केली. पुन्हा भेट झाली नाही. ती गेली.” त्यांनी माझा हात सोडला. “अजून इथे दुखतं. तेरेसाला असं दुखायला नको.”

त्या रविवारी जेवणाचा घाट घातला. पोस्टमन कीथ, कांतीभाई, कबुतरांच्या मक्याचा दुकानदार, शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणारी लॉलीपॉप लेडी आणि आम्ही. प्रत्येकाला आधी पढवलेलं. कीथने डान्स क्लासमधला मित्र व्हायचं, कांतीभाईंनी पत्त्यांच्या क्लबातला.

“मला यात ओढू नकोस,” आमचे हे म्हणाले.

“अहो, तुम्ही फक्त मान डोलवा.”

बाईंच्या चटणीने पहिल्या घासातच सगळ्यांची पाठांतरं पुसली. कीथ पाण्याचा ग्लास रिकामा करून म्हणाला, “गुरुवारी पत्त्यांना भेटूच, सोकोरो!” कांतीभाई गडबडले. पत्ते गेले म्हणजे आपल्याकडे डान्स आला, असा त्यांनी हिशोब केला आणि म्हणाले, “हां हां, आणि मंगळवारी डान्स!” तेरेसाने त्यांच्या पोटाकडे आणि खुर्चीला टेकवलेल्या काठीकडे पाहिलं.

“तुम्ही डान्स करता?”

“व्हेरी मच,” कांतीभाई म्हणाले.

आमचे हे इतक्या जोरात मान डोलवत होते की लॉलीपॉप लेडीने त्यांना पाणी दिलं.

नंतर भांडी पुसताना तेरेसाने मला गाठलं. “सुनंदा, बी ऑनेस्ट. ममा खरंच इतकी बिझी असते?”

“अगं, आम्हालासुद्धा भेटत नाही हल्ली,” मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पुसलेलीच बशी पुन्हा पुसायला घेतली. आठवड्याभरात तिने नोकरी घेतली.

निघायच्या दिवशी सोकोरोबाई लाल रंगाचे, टाचांचे, नाचायचे बूट घालून दारात आल्या. कुठून आणले देव जाणे. एमिली गाडीत बसेना, रडायला लागली. बाईंनी तिचे मुके घेतले आणि दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले. ते बाहेर काढलेच नाहीत. “जा, जा! मला डान्सला उशीर होतोय!” गाडी उतारावरून वळून दिसेनाशी झाली, तरी लाल बुटांत त्या तशाच उभ्या. मी आत चला म्हटलं तर म्हणाल्या, “हे बूट चावतात गं.”

पुढे हिवाळा आला. एका रविवारी दुपारी मी मिक्सर परत न्यायला गेले. बाहेरूनच हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. बरं वाटलं, म्हटलं कुणीतरी आलंय. दार ढकललं, तर स्वयंपाकघरात त्या एकट्याच. टेबलावर रेडिओ, गप्पांचा कसलासा कार्यक्रम, आवाज पूर्ण मोठा. आणि बाई फोनवर ओरडतायत, “काय? ऐकू येत नाही मिहा, पाहुणे आहेत! हो, सगळे आलेत! बरं, ठेवते, वाढायचंय मला!”

फोन ठेवला. रेडिओ बंद केला. मला पाहून त्या दचकल्या नाहीत. माझ्यासाठीही खुर्ची ओढली आणि बसल्या.

“एमिलीचा पुढचा दात पडला,” त्या म्हणाल्या.

“अरे वा!”

“तेरेसा म्हणते, बोलताना शिट्टी वाजते तिची. एमिली बोलली माझ्याशी, पुष्कळ बोलली.” त्यांनी रेडिओवरचा पिठाचा डाग बोटाने पुसला. “पण याच्यामुळे मला शिट्टी नीट ऐकू आली नाही.”