चार दगड आणि एक मासा

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त कप्तानांना आठ दिवस लेकीकडे जायचं होतं आणि त्यांच्या दगडमाशाला सांभाळायला कुणी तयार होईना. "मी आहे ना!" असं अप्पा बोलून गेले. घरी येताच त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, विचारलं, "तुम्ही? चार वर्षांपूर्वी कपाट रंगवायला घेतलंत, अजून एकच बाजू झालीय." (रंगवलेली बाजू नेमकी भिंतीकडे गेली होती, हेही सांगून टाकलेलं बरं.)

हे अप्पांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी तिथल्या तिथे कंबर कसली. काम तडीला न्यायचं, तेही एकट्याने. "विषारी प्राणी आहे," त्यांनी वहिनींना बजावलं, "तू वर फिरकायचंसुद्धा नाही."

कप्तान मोजकं बोलणारे. त्यांची चिठ्ठीही तशीच होती. 'पाठीवर तेरा काटे, सगळे विषारी. पाण्यात हात घालू नये. रोज एक कोळंबी लांब चिमट्यात धरून तोंडासमोर हलवावी. नाही खाल्ली तर बाहेर काढावी. बारा वर्षांचा सोबती आहे, जपा.'

काचेच्या टाकीच्या तळाशी चार दगड होते. त्यातला मासा कोणता, हे लिहायचं कप्तानांना सुचलं नव्हतं. अप्पांनीही विचारलं नाही. इतकंही कळत नाही हे कबूल कोण करणार? मधला खडबडीत, शेवाळलेला, कपाळाला आठ्या पडलेला दगड त्यांनी निरखून पाहिला. थेट त्यांच्या ऑफिसातले साहेब! हाच मासा, असं त्यांनी ठरवून टाकलं.

पहिल्या दिवशी कोळंबी हलवून हलवून अप्पांचा दंड भरून आला. मासा ढिम्म. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टूल नेलं, तिसऱ्या दिवशी पेपर नेला आणि त्याला बातम्या वाचून दाखवल्या. चौथ्या दिवशी त्याचं तोंड जरासं हसल्यासारखं दिसलं. पाचव्या दिवशी कप्तानांचा फोन आला.

"काय म्हणतोय आमचा गडी?"

"शांत आहे."

"तो शांतच असतो. खातो ना?"

"खातो की! मागून घेतो!"

फोन ठेवला आणि अप्पांना दरदरून घाम फुटला. एका एकट्या म्हाताऱ्या माणसाचा बारा वर्षांचा सोबती आपल्या हातून उपाशी मरणार, आणि वर आपण खोटं बोललो. त्यांना खरोखर रडू येत होतं.

सहाव्या दिवशी ते सकाळीच वर गेले. "आज एक तर तू खाशील, नाहीतर मी इथून हलणार नाही." दुपार झाली तरी दोघंही हलले नाहीत. शेवटी, चिमट्याने जरा ढोसून पाहावं म्हणून अप्पा स्टुलावर चढले आणि टाकीत वाकले. तोल जाऊ नये म्हणून त्यांनी डावी बाही वर सारली आणि कोपऱ्यातल्या दगडावर हात टेकवायला तो पाण्यात घातला.

"हात काढा आधी!"

जेवायला हाका मारून थकलेल्या वहिनी दारात उभ्या होत्या. अप्पांनी हात असा झटकन काढला की स्टुलासकट खाली आले.

"अहो, ज्याच्यावर हात टेकवत होतात, तो मासा आहे!"

"छे! तो दगड आहे. मासा मधला. सहा दिवस ओळखतो मी त्याला!"

वहिनींनी चिमटा उचलून कोपऱ्यातल्या दगडासमोर कोळंबी एकदाच हलवली. दगडाला जबडा फुटला, कोळंबी गडप झाली आणि दगड पुन्हा दगड झाला. अप्पा जमिनीवर बसूनच पाहत राहिले. मासा जिवंत होता, आणि त्यांचा हातही. त्यांना हायसं वाटलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

"पण तुला कसं ओळखू आलं?"

"त्यात काय? दिवसभर एका जागी बसायचं, बोलावलं तरी हलायचं नाही, हात लावला तर अंगावर यायचं आणि घास समोर आला की तेवढ्यापुरतं तोंड उघडायचं. बावीस वर्षं सांभाळतेय मी."

उरलेले दोन दिवस मासा वहिनींनी सांभाळला. अप्पा खाली आरामखुर्चीत पेपर वाचत पडले. (एक काम पुन्हा अर्धंच राहिलं, पण त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.)

"चहाबरोबर काही आहे का गं?" त्यातल्या एका संध्याकाळी त्यांनी पेपराआडून विचारलं.

जरा वेळाने पेपराच्या कडेवरून कप्तानांचा लांब चिमटा हळूच पुढे आला. टोकाशी बिस्किट होतं, आणि ते हलत होतं.

अप्पांनी मुकाट्याने तोंड उघडलं.