दारखानचा वाटा

कामशातबाईंनी बाल्कनीतल्या फ्रीझरचा दरवाजा उघडला, सॉसेजवर बोट दाबलं आणि बोट आत गेलं. काल ते दगडासारखं होतं.

हिवाळ्याच्या तोंडाशी साऱ्या गल्लीप्रमाणे त्यांनीही शेजाऱ्यांत मिळून मांसासाठी एक घोडा घेतला होता. मांस आता संपत आलं होतं. उरला होता तो सिबागा, म्हणजे घरापासून लांब असलेल्या माणसासाठी राखलेला वाटा. बरगडीच्या मांसाची, चरबीदार, मनगटाएवढी जाड सॉसेजं. तो माणूस म्हणजे त्यांचा मुलगा दारखान. कोरियात एका कारखान्यात होता. नवीन वर्षाला येणार होता, मग मार्चमधल्या नवरोजच्या सणाला. आता नवरोज तोंडावर आला, तर परवा फोनवर म्हणाला, "उन्हाळ्यात नक्की, आई. माझा वाटा आहे ना फ्रीझरमध्ये? मग झालं तर! तो कुठे पळून जातोय?"

आज तो पळायच्या बेतात होता.

कामशातबाईंनी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं होतं. त्या घाबरल्या, पण पद्धतशीर घाबरल्या. त्याच प्लगला इस्त्री लावून पाहिली, ती तापली. दाराच्या फटीत कागद धरून ओढला, रबर घट्ट होतं. मागचा पंप हाताला गार लागला आणि आवाज अजिबात नव्हता. वीज पोचत होती, पण यंत्राला काम करायची इच्छा नव्हती.

त्यांनी समोरच्या तोलेगेनला हाक मारली. तो बाईंच्या दिवंगत नवऱ्याचा मित्र. जन्मभर बस चालवलेली, त्यामुळे चाकं नसलेलीही सगळी यंत्रं त्याला कळत.

"गॅस गेला, वहिनी," दरवाजा उघडून तो म्हणाला.

"वास घेऊन कळतं?"

"अनुभवानं कळतं." त्याने फ्रीझरला एक थाप मारली. मग थापेचा परिणाम पाहायला पुन्हा दरवाजा उघडला. एवढ्यात त्याची बायको साकिश आली. मांस कितपत विरघळलंय ते पाहायला तिनेही उघडला.

"दार लावा!" बाई ओरडल्या. "होती नव्हती ती थंडी तुम्ही दोघांनी घालवली!"

"मागून बघायला हवं," तोलेगेन म्हणाला. बाल्कनीत वाकायला जागा नव्हती. तिघांनी ते धूड ढकलत दारखानच्या खोलीत आणलं. पूर्वी ते तिथेच असे. डिसेंबरात मुलगा येणार म्हणून बाईंनी फ्रीझरला काचा लावलेल्या बाल्कनीत हलवलं होतं आणि त्याच्या जागी नवा पलंग आणला होता. पलंगावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं.

तोलेगेनने मागची धूळ फुंकली, प्लग लावला, कान टेकवला आणि टोपी काढली. "गेला बिचारा."

"मग हे शिजवायला हवं," साकिश म्हणाली. "विरघळलेलं परत गोठवायचं नसतं."

बाईंनी मान हलवली. नियम त्यांना ठाऊक होता. सगळी सॉसेजं मोठ्या पातेल्यात गेली. एक मात्र त्यांच्या हातून सुटेना. ते त्यांनी बशीत झाकून बाल्कनीत ठेवलं.

बरगडीचं मांस शिजू लागलं की आमंत्रणाची गरज पडत नाही. पहिल्या मजल्यावरची माणसं मीठ मागायला आली, वरची कधीतरी नेलेलं मीठ परत करायला. टेबल भरलं. सगळे खात होते आणि दारखानचं कौतुक करत होते. बाईंचं ताट मात्र रिकामंच होतं.

तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला.

"आई, एवढी गर्दी कसली?" दारखानने विचारलं. मग त्याचे डोळे बारीक झाले. "तोलेगेनकाका काय खातायत?"

"तुझा वाटा," बाई म्हणाल्या. "फ्रीझर बंद पडला."

दारखान ताठ बसला.

"बरगडीचं?"

"बरगडीचंच रे," तोलेगेन तोंडातला घास सावरत म्हणाला. "चरबी अशी आहे म्हणून सांगू..."

"काका, ते खाली ठेवा!"

"कोरियातून ओरडून काय उपयोग? येऊन हिसकावून घे!"

"आई, सगळं संपलं?"

"एक ठेवलंय," बाई हळूच म्हणाल्या. "कच्चं."

दारखान पडद्याच्या अगदी जवळ आला. गाल रापलेले दिसले, डोळ्यांखाली काळं दिसलं. "ते कुणाला देऊ नकोस. दुसऱ्या कुणाच्या फ्रीझरमध्ये ठेव ना."

नेमकी त्याच वेळी बाईंच्या पाठीमागे, दारखानच्या खोलीत बारीक घरघर सुरू झाली. बाईंनी मान वळवली आणि सगळा हिवाळा त्यांना एका क्षणात उलगडला. यंत्र चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट वरच्या, न गोठवणाऱ्या कप्प्यात होता. गार बाल्कनीत त्याला वाटलं, थंडी झालीच आहे, आता कशाला राबायचं? हिवाळाभर मांस गोठवलं ते बाहेरच्या बर्फाने. बर्फ वितळला आणि बिंग फुटलं. यंत्र धडधाकट होतं, त्याला फक्त उबदार खोली हवी होती.

बाईंनी हात मागे नेऊन खोलीचं दार ओढून घेतलं.

"सगळ्यांचे फ्रीझर भरलेत," त्या म्हणाल्या. "बाल्कनीत चार दिवस टिकेल. फार तर पाच."

"बघतो," दारखान म्हणाला. पडद्याबाहेर त्याची बोटं काहीतरी दाबत होती. "शुक्रवारचं विमान आहे. आई, काकांना बाल्कनीत जाऊ देऊ नकोस!"

फोन बंद झाला. तोलेगेनने कान टवकारले.

"वहिनी, आत काहीतरी गुरगुरतंय."

"मांजर आहे."

"तुमच्याकडे मांजर कधी आलं?"

"आजच," बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच स्वतःच्या ताटात वाढून घेतलं. "शुक्रवारपर्यंत त्याला उठवू नका."