गोजराबाईंच्या दगडाचा फेरफार

"बहिरू, पस्तीस वर्षं मी लोकांचे बांध मोजले. माझ्या नजरेतून वीतभर जमीन सुटली नाही. मला नुसतं डिटेक्टिव्ह म्हणणं हा माझा अपमान आहे," निवृत्त तलाठी रंगनाथ भाऊसाहेब म्हणाले. त्यांच्या एका पायात स्वतःची चप्पल होती, दुसऱ्यात बहिरूची. बहिरू त्यांचा जुना कोतवाल. सरकारने दोघांनाही मोकळं केलं, पण भाऊसाहेबांनी त्याला केलं नव्हतं.

पक्षकार होत्या गोजराबाई. त्या गंगाघाटाच्या उतारावर फुलं विकायच्या. तिथल्या बायांचा नियम साधा होता: जिचा दगड जिथे, तिथे तिची जागा. आठवडाभर गोजराबाईंचा दगड रोज सकाळी वीतभर खाली सरकलेला असे. आता तो गटाराला टेकला होता, आणि परवा दसरा.

"गटारापाशी झेंडू कोन घेईल, भाऊसाहेब? याच दिवसासाठी लावलाय वो."

"बाई, याला फेरफार म्हणतात. सातबाऱ्यावर नाव बदललं, फेरफार. कागदात खाडाखोड झाली, फेरफार. घरातलं कपाट हललं, तोही फेरफारच. पण विनानोटीस फेरफार म्हणजे गुन्हा!"

त्यांनी लगेच विजेच्या खांबावर नोटीस चिकटवली: हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी.

"दसरा परवा हाय," बहिरू म्हणाला.

"कायदा पंचांग बघत नाही."

पहिला संशय वरच्या अंगाला बसणाऱ्या झुंबरबाईंवर. "बांध कोरतेय ती!" भाऊसाहेब गरजले. झुंबरबाईंनी दोन्ही गुडघे दाखवले. "मला उठवत नाय, दगड काय उचलू?" मग संशय गंगेच्या पुरावर गेला, पण पाणी वीस पायऱ्या खाली होतं. शेवटी भूकंप उरला. तो बहिरूने टेपने मोजायचा ठरला.

दुसऱ्या दिवशी सहाला दोघे पहाऱ्यावर आले. रोजच्याप्रमाणे महेशची चहाची हातगाडी उतारावरून आली.

"थांब रे, दोन कटिंग!"

गाडी घरंगळू लागली. भाऊसाहेबांनी आठवडाभराच्या सवयीने, खाली न बघता, जवळचा दगड पायाने चाकापुढे सारला आणि चहा फुंकत म्हणाले, "चोर आता येईलच."

महेश गेला. दगड वीतभर खाली राहिला, थेट गटारात, आणि त्यावर भाऊसाहेबांचा पाय. बहिरूने हातातला टेप गुंडाळला. साहेबांना सांगायचं कसं?

"भाऊसाहेब," टोपली घेऊन पायऱ्या उतरणाऱ्या गोजराबाई वरूनच ओरडल्या, "पाय काढा. माझ्या दगडावर हाय."

भाऊसाहेबांनी पायाकडे पाहिलं. मग चाकाच्या खुणेकडे पाहिलं.

गोजराबाईंनी खांबावरच्या नोटिशीवर बोट ठेवलं. "माझी हरकत हाय. लिवा."

"मान्य," भाऊसाहेब पुटपुटले.

बहिरू दगड उचलायला वाकला, तशी त्या म्हणाल्या, "तू नको, दादा. ज्यानं नोंद केली त्यानंच रद्द करायची."

भाऊसाहेबांनी दगड पोटाशी धरून जुन्या जागी नेला. वाटेत तीनदा टेकले.

दसऱ्याला गोजराबाईंचा झेंडू दहाच्या आत संपला. त्या सकाळी महेशची गाडी उताराला लागली तेव्हा भाऊसाहेबांनी आधी नीट खाली पाहिलं, आजूबाजूचे सगळे दगड टाळले आणि चाकापुढे पायातली चप्पल सारली. ती बहिरूची होती.